काचेआडचं बोलणं

शालिग्रामने टॉवेलचा बोळा तोंडाशी धरला आणि हंबरडा फोडला, तशी समोरच्या खुर्च्यांवरची अडीचशे माणसं हसत सुटली. तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या सुकदेवला ना हंबरडा ऐकू आला, ना हसणं. त्याला दिसले ते हलणारे खांदे. पुढची बाई पोट धरून वाकली होती, शेजारचा माणूस मांडीवर थापा मारत होता, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची थरथर फरशीतून त्याच्या तळपायांना जाणवत होती.

दिग्दर्शक प्रवीणचं समाधान झालं नाही. पुन्हा एकदा, म्हणून त्याने हात वर केला. शालिग्रामने डोळे पुसले, तो घोटभर पाणी प्याला, जागेवर जाऊन उभा राहिला आणि त्याची आई पुन्हा मेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती चार वेळा मेली आणि चारही वेळा सुरतेतल्या बमरोली वस्तीच्या माणसांनी मनापासून दाद दिली. लोकांनी कधी हसायचं ते सांगायला ज्योती नावाची एक मुलगी पाटी घेऊन उभी असायची. आज तिला पाटी उचलावीसुद्धा लागली नाही.

ती आई सुकदेवची होती.

ती पारोळ्याजवळच्या गावी वारली, त्याला सात वर्षं झाली होती. सुकदेव सुरतेहून पोचला तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं, आणि तो रडला. एकतीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात काढलेल्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. भाऊबंद दचकले. कोणाचं तरी लहान पोर घाबरून पळालं. सुकदेवला त्यातलं काही कळलं नव्हतं, तो आपला आईचे पाय धरून बसला होता. मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला मात्र सगळं कळलं, ऐकू आलं आणि लक्षात राहिलं.

तीन वर्षांनी त्या मुलाने, योगराजने, वेसूच्या एका कॅफेतल्या स्टेजवर माईक हातात घेऊन ते रडणं करून दाखवलं. ‘माझा बाप रडतो तेव्हा गावातली लाइट जाते,’ अशी सुरुवात होती. तो व्हिडिओ लाखो फोनांवर फिरला. योगराजचा योगराज बमरोलीवाला झाला, त्याचे कार्यक्रम अहमदाबाद-मुंबईला व्हायला लागले, आणि शेवटी एका वाहिनीने त्याला मालिका दिली. ‘सतरा नंबरचं खातं’ असं तिचं नाव. लूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. मालिकेत योगराज खात्यातला तरुण कामगार होता आणि त्याचा बाप होता बहिरे बाबा. ते काम जळगावकडचा जुना रंगभूमीवरचा नट शालिग्राम करत होता.

शालिग्राम माणूस चांगला, हीच खरी अडचण होती. मालिका सुरू होण्याआधी तो बमरोलीला घरी आला होता, दोन दिवस सुकदेवच्या मागे मागे फिरला, जेवला, कलाबाईच्या हातच्या शेवभाजीचं कौतुक केलं. सुकदेवने त्याला खात्यातल्या खुणा शिकवल्या. धागा तुटला तर अशी बोटं फाकवायची, शेठ आला तर कॉलरला हात लावायचा, चहाला चल म्हणायचं तर अंगठा ओठांशी न्यायचा. खात्यात कोणी बहिरा नसतो, कारण तिथे कोणालाच ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात, चार लूम पलीकडच्या माणसाशी आवाज न काढता तासभर गप्पा मारतात. हे कोणी तरी इतक्या आस्थेने विचारतं आहे, याचं सुकदेवला अप्रूप वाटलं होतं. पहिल्या भागात ते सगळं दिसलं. बहिरे बाबा रस्त्यात, लग्नात, दवाखान्यात तशीच बोटं फाकवत होता आणि पाहणारे लोळत होते.

तेव्हापासून भाजीवाला, दूधवाला, जिन्यावरची पोरं, सगळे सुकदेवला बहिरे बाबाच म्हणायला लागले. म्हणायचे प्रेमाने. त्यामुळे रागवायचीही सोय राहिली नाही. एकदा त्याने कलाबाईजवळ विषय काढून पाहिला. दर शनिवारी ती दार सताड उघडं ठेवून अख्ख्या चाळीला मालिका दाखवायची.

"पोऱ्यानं नाव व्हयी ऱ्हायनं," ती म्हणाली. "तुमले काय व्हस?"

काय होतं ते सुकदेवला सांगता आलं नाही. त्याला सूड घ्यावासा वाटत होता. पोटच्या पोरावर सूड घ्यावासा वाटणं ही काही बायकोला सांगायची गोष्ट नव्हे. पण ती इच्छा गेली नाही. सकाळी उठल्यावर असायची, जेवताना असायची, आणि शूटिंगच्या दिवशी बमरोलीहून बसगाड्या भरून निघायच्या तेव्हा त्याच्या शेजारी येऊन बसायची.

पलसाण्याला हायवेलगत एक डाइंग मिल बंद पडून होती, तिच्यात हे शूटिंग चालायचं. खाली जिथे कापड रंगवण्याची यंत्रं होती तिथे आता खोटं खातं आणि खोटी खोली उभी केली होती. वर लोखंडी जिन्यापाशी पूर्वीच्या मॅनेजरची काचेची केबिन होती. तिथून तो कामगारांवर नजर ठेवायचा. आता तिथे निर्माती चंचलबेन टीव्हीच्या पडद्यांसमोर बसायची, आणि मधूनमधून प्रवीण तिच्याशी बोलायला वर जायचा. काच जाड होती. आत काय चाललंय ते खाली कोणालाच कळत नसे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत योगराज बापाच्या शेजारी येऊन बसला. तो कधी येत नसे. तोंडावर रंग, डोळ्यांखाली जागरण. गेल्या तीन भागांपासून त्याचे संवाद कमी होऊन शालिग्रामचे वाढत होते. वर्तमानपत्रात फोटो आला तोही शालिग्रामचा. प्रवीणशी त्याची दोनदा हमरीतुमरी झाली होती, एकदा तर मेकअपच्या खोलीचं दार त्याने लाथेने उघडलं होतं. आपल्याविरुद्ध वरच्या केबिनमध्ये काही तरी शिजतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून तो खात्यातल्यासारखा नुसते ओठ हलवून बोलला.

"आबा, त्या केबिनमा काय बोली ऱ्हायनात, देखी सांगा माले."

सुकदेवने वर पाहिलं. चंचलबेन उभी होती, चेहरा बरोबर इकडे. त्याने मान डोलावली. योगराजने बापाकडे काही मागितलं होतं, याला किती वर्षं झाली ते त्याला आठवेना. चार वर्षं ज्याच्या कानांवर पोराने लोकांना हसवलं, त्याच्या डोळ्यांची आज गरज पडली होती.

सुट्टी संपली, दिवे लागले, शालिग्राम पुन्हा बोटं फाकवायला लागला. सुकदेव काचेकडे पाहत राहिला. चंचलबेन तोंड भरून, स्पष्ट बोलणारी बाई. तिचं गुजराती वाचणं त्याला अवघड नव्हतं, तीस वर्षं शेठलोकांचं गुजरातीच तर तो वाचत आला होता. आधी ती फोनवर बोलली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. तिने वर आलेल्या प्रवीणचा खांदा धरला.

"बावन एपिसोड मळी गया," ती म्हणाली. बावन्न भाग मिळाले होते.

प्रवीण पाठमोरा होता, त्याचं काही दिसलं नाही. चंचलबेनचं सगळं दिसलं. वाहिनीचा माणूस शुक्रवारी मुंबईहून येणार, तेव्हा केक कापू, तोवर योगराजला सांगायचं नाही. शालिग्रामचं काम जरा आवरा, मुलगा दुखावला गेलाय. मुलगा सोन्याचा आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, तो आहे म्हणून हे सगळं आहे. पोरगा शेवटी सुकदेवचाच होता. क्षणभर त्याला वाटलं, आत्ताच उठावं आणि सगळ्यांदेखत पोराला खूण करावी.

मग चंचलबेन हसली आणि आणखी एक वाक्य बोलली.

"बस, दर हप्ते डोसाने रडावो."

दर आठवड्याला म्हाताऱ्याला रडवा. बावन्न आठवडे. सुकदेवने मान खाली घातली आणि शूटिंग संपेपर्यंत पुन्हा वर पाहिलं नाही.

मिलच्या मागे गंजलेल्या बॉयलरपाशी चहाची किटली ठेवलेली असे. योगराज तिथे वाट पाहत होता. त्याने बापासाठी स्वतःच्या हाताने चहा ओतला, आणि पेला द्यायच्या आधीच विचारलं.

"काय बोलनी?"

सुकदेवने दोन घोट घेतले. खोटं तो आयुष्यात फारसं बोलला नव्हता, त्यामुळे ते जुळवायला वेळ लागेल असं त्याला वाटलं होतं. वेळ लागला नाही. ते कित्येक महिन्यांपासून तयार असल्यासारखं आलं.

"तुले काढी टाकतीन," तो ओठांनी बोलला. "शालिग्रामवर चालाडतीन. बमरोलीना पोऱ्याले काय समजस, आशी हसनी ती."

योगराजच्या तोंडावरचा रंग तसाच राहिला आणि खालचा चेहरा उतरला. त्याने कधी, कोणाला सांगितलं, प्रवीण काय म्हणाला, असं बरंच विचारलं. सुकदेवने शुक्रवार म्हणून सांगितलं. शुक्रवारी वाहिनीचा माणूस येणार आहे, त्याच्यासमोरच सांगणार आहेत. खोट्यात एवढं खरं मिसळलं की ते अगदी टिकाऊ झालं. योगराजने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही व्हतात म्हनीसन समजनं, आबा."

मनात काही खुपेल म्हणून सुकदेवने वाट पाहिली. काही खुपलं नाही. त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटत होतं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि पांडेसरा येईपर्यंत गाढ झोपला.

शुक्रवारी वाहिनीचा माणूस आला. केबिनच्या टेबलावर पांढरा चौकोनी खोका होता, तो काचेतून सगळ्यांना दिसत होता, पण त्यात काय आहे हे खाली बसलेल्यांपैकी एकट्या सुकदेवला माहीत होतं. पहिला प्रसंग सुरू झाला. योगराज दारातून आत आला, दोन वाक्यं बोलला आणि थांबला. मग तो खोट्या खोलीतून बाहेर आला, प्रेक्षकांपुढे येऊन उभा राहिला आणि त्याने शर्टाला लावलेला छोटा माईक बोटांत धरला.

स्टेजवर एकट्याने बोलणं हेच त्याचं खरं काम. तो काय बोलला ते सुकदेवने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आधी प्रवीण झाला. त्याची चाल, नाकावरचा चष्मा सावरण्याची खोड, दुसऱ्याचे विनोद आपले म्हणून सांगण्याची पद्धत. लोक हसले. मग शालिग्राम, आणि तो उसनं रडणं मागायला दारोदार कसा फिरतो याचं वर्णन. लोक आणखी हसले, त्यांना वाटलं हे मालिकेतच आहे. मग त्याने वर काचेकडे बोट केलं आणि चंचलबेन सुरू केली. तिचं तोंड भरून बोलणं. तिचं हसणं. आणि मग तिचा नवरा.

चंचलबेनचा नवरा पाच वर्षं लकव्याने अंथरुणात होता. योगराजला तिने दोनदा घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी ती नवऱ्याला चमच्याने भरवते, हे त्याने तिथेच पाहिलं होतं. आता त्याने तोंड एका बाजूला वाकडं केलं, ओठांतून लाळ गाळली, आणि चमचा येईल तसतशी मान पुढे करून दाखवली. हुबेहूब केलं असणार, कारण बापाचं रडणंही त्याने हुबेहूबच केलं होतं.

पुढच्या बाईचे खांदे हलायचे थांबले. मग एकेका रांगेतले थांबले. सुकदेवच्या पायाखालची फरशी गप्प झाली.

त्याने वर पाहिलं. चंचलबेन काचेपाशी उभी होती. ती काही बोलली असती तर त्याला वाचता आलं असतं. तिचे ओठ मिटलेले होते. वाहिनीचा माणूस खुर्चीतून उठला आणि तिच्या मागून निघून गेला. काही वेळाने ती लोखंडी जिन्यावरून खाली आली, योगराजकडे न पाहता कॅमेऱ्यापाशी गेली आणि कॅमेरा बंद करायला सांगितला. लोकांना बसमध्ये बसवण्याचं काम ज्योतीने केलं. ती पाटी अजून तिच्या हातात होती.

नऊ भागांवर मालिका बंद झाली. काय झालं ते कोणी तरी फोनवर चोरून टिपलं होतं, ते सगळीकडे फिरलं, आणि योगराजचे ठरलेले कार्यक्रमही एकामागून एक रद्द झाले. महिनाभर तो घरीच होता. बिछान्यावर पडून असायचा, नाही तर गच्चीवर. बापाला मात्र आता तो रोज काही ना काही विचारायचा, समोर बसून, सावकाश ओठ हलवून. तुम्हीच खरं सांगितलं, बाकी सगळे तोंडावर गोड बोलत होते, असं त्याने कलाबाईलाही सांगितलं. जिन्यावरची पोरं सुकदेवला पुन्हा काका म्हणायला लागली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. सुकदेव रोज दाढी करायला लागला.

एका सकाळी शालिग्राम आला. सुरतेतली खोली सोडून तो गावी परत निघाला होता, जाताना भेटून जावं म्हणाला. योगराज आधी त्याच्याकडे बघेना. मग शालिग्रामनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. कलाबाईने चहा टाकला. सुकदेव भिंतीला टेकून समोरच बसला होता, त्याला शालिग्रामचा चेहरा नीट दिसत होता. दिसला नसता तर बरं झालं असतं असं त्याला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

"बावन्न भाग हातात होते रे," शालिग्राम म्हणाला. "त्या दिवशी तेच सांगणार होते, केक आणून ठेवला होता. माझं काम कमी करून तुझं वाढवणार होते, चंचलबेनने मला आधीच विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. तुला झालं तरी काय त्या दिवशी?"

शालिग्राम आणखी थोडा वेळ बसला, कामरेजच्या फाट्यावरून बस पकडायची आहे म्हणाला, कलाबाईच्या पाया पडला, सुकदेवचे दोन्ही हात हातात घेतले आणि गेला.

कलाबाई भाकरी थापायला बसली. योगराजने पाटावर येऊन बसायला वेळ लावला. बसला तो बापाच्या बरोबर समोर. त्याने एकदाच विचारलं.

"आबा, त्या दिनले ती काय बोलनी व्हती?"

काच धुळकट होती, बाईच्या तोंडात सुपारी होती, उन्हाची तिरीप येत होती. असं सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि पोराने ते मानलंही असतं. पण मानलं असतं तर सूड अर्धाच राहिला असता, कोणी घेतला ते न कळता. सुकदेवला ते नको होतं. त्याने आवाज काढून सांगितलं.

"बावन्न. बावन्न हप्ता माले रडावनार व्हतात. मनी माय एकच डाव मरनी, योगराज. तू तिले कितला डाव मारशी?"

किती मोठ्याने बोललो ते त्याला कळलं नाही. शेजारची शोभाबाई दारात येऊन उभी राहिली आणि कलाबाईने हात हलवताच परत गेली, त्यावरून त्याने अंदाज केला.

योगराज पाटावरच वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

या घरात सुकदेवकडे पाठ करून कोणी बोलत नसे. कलाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिला चुलीवरून मान वळवायची सवय लागली होती, पोरगा बोलायला शिकला तोच बापासमोर उभा राहून. आता त्याची मान दिसत होती, वाढलेले केस दिसत होते, आणि कानाखाली जबडा हलत होता. तो बोलत होता. एक-दोन वाक्यं नाहीत, बराच वेळ बोलत होता. मधे त्याचे खांदे हलले. असे हलणारे खांदे सुकदेवने गेल्या काही महिन्यांत पुष्कळ पाहिले होते, तरी हे हसण्याचे की रडण्याचे ते त्याला ठरवता येईना. कलाबाईचा पिठाचा हात परातीत तसाच थांबला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

सुकदेवने बायकोकडे पाहून बोटांनी खूण केली. काय म्हणतोय?

कलाबाईने पोराच्या पाठीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिने करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि चेहरा नीट त्याच्याकडे वळवला. त्याला वाचता यावं म्हणून प्रत्येक शब्द ती सावकाश, ओठ उघडून बोलली.

"काही नही. पानी मांगस तो."

योगराजच्या पाटाशेजारी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.